भोंग्यावरची विनंती

नाव-पत्ता विचारणाऱ्या खेळाचं आपल्यापाशी नावच काढू नका गा! गणपतीत आमच्या मंडळानं सायकलवरून खजिना शोधायचा खेळ ठेवला होता. मी ऑफिसात ताप आल्याचं कळवून सायकल काढली. प्रत्येक चौकात मंडळाच्या माणसाला नाव-पत्ता सांगितला, की तो पुढची खूण द्यायचा. तिसरा चौक निघाला नेमका आमच्या ऑफिससमोरचा! मी नाव-पत्ता सांगताच तिथल्या माणसानं माइक उचलला अन् भोंगा गरजला, "महाल भागातले मनोहर ढोबळे इथे पोचले आहेत!"

माझं डोकंच फिरलं. "काहून बोंबलून राहिला गा? मी इथं आहे हे समोरच्या ऑफिसात कळलं तर मेलो ना मी!"

"असं होय? पहिलेच सांगाचं ना भाऊ," म्हणत त्यानं पुन्हा माइक उचलला.

"मनोहर ढोबळेंची नम्र विनंती आहे, ते इथे आले आहेत हे समोरच्या ऑफिसात कोणीही सांगू नये!"