स्टोव्ह माझ्याकडे, गॅस तुमच्याकडे

(डोंगरात, दोन माणसांच्या तंबूत. बाहेर पाऊस.)

सासरे : चेन लावा ती तंबूची! किती वेळा डोकावाल? तुम्ही बघताय म्हणून ओढा ओसरणार आहे का?

जावई : सकाळी त्या मोठ्या दगडाचं टोक तरी दिसत होतं, बाबा. आता तेही नाही.

सासरे : मग बसा गुमान. मागे ओढा, पुढे खिंडीत बर्फ. जाताय कुठे?

जावई : म्हणजे तुमच्या मनासारखंच झालं.

सासरे : पाऊस काय मी पाडला?

जावई : सामान तर तुम्हीच लावलंत. स्टोव्ह माझ्या पाठीवर, गॅस तुमच्या. तंबू माझ्याकडे, त्याच्या काठ्या तुमच्याकडे.

सासरे : आम्ही पहिल्यापासून असंच लावतो. रागाच्या भरात कुणी एकटं चालू लागलं, तर कच्चे तांदूळ चावत बसेल. येतं मुकाट्याने परत.

जावई : मी कशाला पळून जाईन?

सासरे : घरातून गेलातच ना? वेगळी खोली घेऊन राहताय. म्हटलं, चार दिवस डोंगरात चालवू, डोकं येईल ताळ्यावर.

जावई : चहा टाकू?

सासरे : विषय बदलू नका! माझ्या लेकीत काय कमी आहे ते सांगा. मिठाची गुळणी धरून सुटका नाही व्हायची.

जावई : काही कमी नाही तिच्यात. गॅस द्या इकडे.

सासरे : आधी उत्तर, मग गॅस.

जावई : हद्द झाली! बाहेर पडावं तर वाहून जाईन, आत बसावं तर तुम्ही! श्वास घ्यायला जागा नाही हो इथे!

सासरे : ओरडू नका. तुमचे ओले मोजे मघापासून माझ्या उशाला आहेत, मी बोललो काही? तिकडे पोरगी रडून रडून...

जावई : ती रडत नाहीये, बाबा. वेगळं तिला व्हायचंय. मला नाही.

सासरे : काय?

जावई : खोली घे, असं तिनेच सांगितलं. मी हातापाया पडलो तिच्या. म्हणाली, बाबांना इतक्यात सांगू नकोस, त्यांना सहन होणार नाही.

सासरे : आणि तुम्ही सगळं अंगावर घेतलंत?

जावई : तुम्ही विचारलंत कुठे? सरळ सॅक भरायला घेतलीत.

सासरे : अरे देवा! चोर सोडून संन्याशाला फाशी! अख्ख्या चढणीवर तुला वाट्टेल ते बोलत आणलं रे मी.

जावई : चाललं ते. जावई म्हणूनच बोलत होतात ना.

सासरे : तिचं... पक्कं आहे?

जावई : पक्कं आहे.

सासरे : मी बोलून बघू?

जावई : नको. तुमच्या शब्दाखातर राहील ती, आणि जन्मभर कोंडून घेतल्यासारखी जगेल. आपल्याला इथे दोन दिवस जड जातायत, बाबा.

सासरे : हं. घे, गॅस घे.

जावई : पाऊस कमी झालाय बहुतेक. आवाज ऐका. उद्या ओढा उतरला, तर दुपारपर्यंत खाली पोचू, मग घरची गाडी धरू.

सासरे : एवढी काय घाई आहे?