सीटला करंजाचं तेल

(अंबरनाथ पश्चिमेला सीट साफ करण्याचं छोटं दुकान. नव्या मोठ्या गाडीची चारही दारं उघडी.)

कैलास : काका, खरं सांगा. सांडलं की लावलं?

हिरामण : सांडलं असतं तर तोंड वर करून आलो असतो रे. लावलं. हातानं, चोळून चोळून. सगळ्या सीटना.

कैलास : कसलं तेल?

हिरामण : करंजाचं.

कैलास : गुरांना लावतात ते?

हिरामण : आमच्या बादलला लावतो. शर्यतीचा बैल हाय, कातडी बघ त्याची, भांग पाडून घे त्यात बघून. मना वाटलं, चामडं ते चामडं. त्याला मानवतं तर हिला का नाय मानवनार?

कैलास : बादल जिवंत आहे, काका.

हिरामण : ते सीटवर बसल्यावर कललं. देव अक्कल वाटत होता ना, तवा मी नदीवर बैल धूत होतो.

कैलास : आणि ही एवढी बारीक बारीक भोकं दिसली नाहीत?

हिरामण : दिसली तर! खूश झालो. बोललो, कंपनीवाला शाना हाय, तेल मुरायला जागा ठेवलीय.

कैलास : अरे देवा! ती हवेसाठी असतात. सीटखाली पंखा आहे, भोकांतून गार हवा वर येते.

हिरामण : येते ना. पंखा लावला आनि अख्खा गोठा गाडीत आला. तुजी काकी नाकाला पदर लावून बसली, अर्ध्या वाटेत उतरली आनि रिक्षा करून गेली. बोलते, जमीन इकून गाडी घेतली, बसल्यावर वाटतं बैलाच्या पाठीवर बसलेय.

कैलास : हे आठवडाभराचं काम आहे.

हिरामण : आठवडा? येडा झाला का? परवा मनालीचं लगीन, उद्या हलद! गावचा पोर म्हनून तुज्याकडं आलो.

कैलास : मग लग्नाच्या तोंडावर हा उद्योग कशाला केलात?

हिरामण : लग्नासाठीच केला ना! व्याही बोलले, नवरीला उल्हासनगरला न्यायला आमची गाडी पाठवतो. मी मिशीला पील देऊन बोललो, नाय, माजी पोर माज्या गाडीतनं येनार, मी सोता चालवनार. आता शालू मागनं काला होनार. तिची सासू बोलेल, बापानं पोरगी वंगन लावून धाडली.

कैलास : वरचं तेल काढतो मी. गरम हवा मारली की ते वर येतं, मग टॉवेलनं टिपायचं. नंतर ब्रशवर फेस घेऊन हलक्या हातानं फिरवायचा. सीटवर डायरेक्ट काही ओतायचं नाही, भोकांतून आत जातं. शेवटी कंडिशनर, फडक्यावर थेंबभर.

हिरामण : थेंबभर? मी बाटली पालथी केली.

कैलास : म्हणूनच आतला फोम भिजलाय. वास परवापर्यंत जायचा नाही. कोणी बसलं की थोडं तेलही वर येईल.

हिरामण : मग फोन करतो व्याह्यांना. पाठवा बोलतो तुमची गाडी. मिशी काय, परत वाढते.

कैलास : थांबा, मनाली आली बघा. रिक्षातून उतरतेय.

मनाली : पप्पा, फोन का नाही उचलत? पार्लरमधून निघाले तर आई बोलली, इथे बसलाय म्हणून. शी! काय वास आहे हा!

हिरामण : बाई, तुजा बाप बैलाच्या लायकीचा हाय, गाडीच्या नाय. तू त्यांच्याच गाडीतनं जा.

मनाली : मी त्यांना तसंच सांगितलंय. मागच्या आठवड्यातच.

हिरामण : म्हंजे... तेलाच्या आदी?

मनाली : हो. तुम्ही चालवणार म्हणालात म्हणून.

हिरामण : का गं? मी वाईट चालवतो?

मनाली : साखरपुड्याला तुम्ही मांडवाच्या खांबाला मिठी मारून रडलात. स्टेअरिंगवर तसं केलंत तर अख्खं वऱ्हाड वालधुनी नदीत जाईल.

हिरामण : डोल्यात कचरा गेलेला.

मनाली : पंगती उठेपर्यंत?

हिरामण : मोठा कचरा होता.

कैलास : काका, मी चालवू का? मी येतोयच लग्नाला.

मनाली : खरंच चालवशील, कैलासदादा? मग मी याच गाडीतून जाते. त्यांना फोन करून सांगते.

हिरामण : अगं, पन शालू?

मनाली : खाली गोधडी घालू. वासाचं काय, लहानपणी गोठ्यातच झोपायचे ना मी दुपारची.

हिरामण : बरं. मग मी पुढं बसतो, कैलासला रस्ता दाखवतो.

मनाली : त्याला काय उल्हासनगर माहीत नाही? तुम्ही मागे बसायचं. माझ्याजवळ.

हिरामण : मी रडेन, बाई. आत्ताच सांगतो. वाट लागेल माजी.

मनाली : मग रडा ना. मी काय हसत जाणार आहे?

हिरामण : ... कैलास.

कैलास : बोला, काका.

हिरामण : पुढच्या सीट ऱ्हाऊ दे रे. मागची आदी घे.