गाड्यांची हवेशीर खोली

मंडळी, बसून घ्या. पेटीवाले, सूर जरा खाली ठेवा. आधी एक विचारतो, मनातल्या मनात खरं उत्तर द्या — आपण एखादी वस्तू जिवापाड जपतो, तेव्हा तिच्यापायी घरात कोण गुदमरतंय, हे बघतो का?

बरं, ऐका.

मिरजेत त्र्यंबकराव शिधये राहायचे. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, सज्जन गृहस्थ. दारू नाही, तंबाखू नाही. छंद एकच — जुन्या, दुर्मिळ फ्रेंच मोटारींच्या प्रतिकृती जमवायचा. हो हो, फ्रेंच! स्वतः गोव्यापलीकडे गेले नाहीत, पण कुठल्या बुगाटीला कुठला निळा रंग होता ते झोपेत सांगतील. तळहातावर मावेल एवढी गाडी, पण तिला दिवे, आरसे, बैठकीवरची शिवणसुद्धा! आपण बाळकृष्णाला झबलं शिवतो ना, तसलंच हे वेड. हसू नका, प्रेम ते प्रेम.

आता या गाड्यांना ऊन चालत नाही, रंग उडतो. दमट हवा चालत नाही, धूळ तर बघायलाच नको. म्हणून पहिल्या मजल्यावरच्या त्यांच्या घरातली पूर्वेची मोठी खोली गाड्यांना दिलेली. घराची एकुलती एक गॅलरी त्याच खोलीला! तिचं दार बंद, वर काळे पडदे. खोलीला कुलूप, आणि किल्ली कुठं? जानव्याला! संध्या करताना खुळखुळायची. देवाला वाटत असेल, आरती लवकर सुरू झाली.

आणि त्यांची बायको उषाताई? स्वयंपाकघरामागच्या खोलीत. खिडकी नाही, त्यात दम्याचा आजार. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "यांना हवेशीर खोलीत हलवा. एखाद्या दिवशी जिवावर बेतेल."

त्र्यंबकराव म्हणाले, "करतो सोय."

आणि केली की! बायकोला टेबलफॅन, गाड्यांना हवा कोरडी करायचं यंत्र. न्याय बघा!

एके दिवशी त्र्यंबकराव पार्सल आणायला गेले. कित्येक वर्षं वाट पाहिलेली निळी बुगाटी येणार होती. इकडे उषाताईंनी मिरचीची फोडणी दिली आणि ठसक्यानं श्वासच अडकला. जिना उतरायचं बळ नाही. भिंत धरत धरत गॅलरीकडे निघाल्या — समोर कुलूप! नशीब, खालच्या रेहानाबींनी खोकला ऐकला. धावत वर आल्या, डॉक्टरीणबाईंना बोलावून घेतलं, तेव्हा बाई वाचल्या.

त्र्यंबकराव परतले तेव्हा रेहानाबींनी जिन्यातच सगळं सांगितलं. उषाताई अजून त्या बंद दाराला टेकून बसल्या होत्या. मांडीवर खलबत्त्यातला बत्ता.

"अगं, बत्ता हातात होता, तर कुलूप का नाही तोडलंस?"

त्या हळूच म्हणाल्या, "दाराला लागूनच तुमचं कपाट आहे ना. हादरे बसून गाड्या पडल्या असत्या. तुम्हाला किती वाईट वाटलं असतं."

मंडळी, त्र्यंबकराव तिथंच किल्ली सोडायला गेले, घाईत गाठ सुटेना. शेवटी जानवं तोडलं! दार उघडलं, पडदे ओढून काढले, गॅलरी सताड उघडली आणि बायकोची खाट तिथं आणली. गाड्या गेल्या मागच्या खोलीत. पार्सल जिन्यातच पडून होतं.

चुकले त्र्यंबकराव, नाही का? माना डोलावताय! मग सांगा, तुमच्या घरातली सगळ्यात मोकळी खोली कुणाची? वर्षातनं एकदा येणाऱ्या पाहुण्यांची! सोफ्यावर प्लॅस्टिकची खोळ, शोकेसमध्ये न वापरलेले कप. आणि आई? ती पिंपांशेजारी झोपते. तिला विचारलंत तर म्हणेल, "मला काही होत नाही, असू दे." आणि तुम्ही ते खरं मानता! सोयीचं असतं ना.

आज आरतीला थांबला नाहीत तरी देव रागावणार नाही. घरी जा, आणि तिचं अंथरूण उचला.