ताठ बसायची गाडी

...हसा, हसा खुशाल! दात दिसू देत, माझा धंदाच तो आहे, मी दातांचा डॉक्टर. पण मला एक सांगा, गाडीवरून उतरता येत नाही म्हणून पेट्रोल पंपावर दोन माणसांनी काखेत हात घालून तुम्हाला कधी उचलून बाजूला ठेवलंय? ठेवलंय का? बसल्या आकारात? मला ठेवलंय! पाय दुमडलेले, पाठ वाकलेली, हात पुढे, मुठी आवळलेल्या... खाली गाडी नाही, पण मी चालवतोय! आणि तो पंपावरचा माणूस, हातात नळी धरून, अगदी शांतपणे विचारतो, "साहेब, टाकी फुल करू?" कुणाची? माझी?

तुम्हाला सांगतो, सगळा दोष त्या गाडीचा. शर्यतीची गाडी हो! हँडल कुठे, तर गुडघ्यांच्या खाली. पाय कुठे, तर मागे, नंबरप्लेटच्या शेजारी. हनुवटी टाकीवर. आता मी दिवसभर लोकांच्या दाढांत वाकून बघणारा माणूस, आणि सुट्टीच्या दिवशी मौज म्हणून काय करायचं, तर आणखी वाकायचं! घेताना मी विचारलं होतं, "हँडल फार खाली नाही का?" तर तो विकणारा दात काढून म्हणाला, "सर, सवय होईल!"

झाली की! माझ्या पाठीला झाली! इतकी झाली, की ती परत सरळ व्हायलाच तयार नाही!

"सवय होईल." माझ्या हातात असतं ना, तर हे दोन शब्द मी मुळासकट उपटून काढले असते. भूल न देता!

बरं, मी माझं सोडून देतो. बायकोचं ऐका. ती पाणीपुरवठा खात्यात इंजिनिअर आहे. मोजकं बोलते, पण पाइप फुटल्यासारखं लागतं. त्या गाडीची मागची सीट केवढी? पोस्टकार्डाएवढी! आणि तीही उतरती. ब्रेक मारला की बाई माझ्या पाठीवर, गाडी पळवली की बाई जवळपास रस्त्यावर. गुडघे तिचे कानाशी. एकदा, फक्त एकदा, आम्ही तिच्या बहिणीकडे निघालो, समुद्राकाठी राहते ती, सहा तासांचा रस्ता. तर अर्ध्या वाटेत माझ्या खांद्यावर टकटक. "अहो, थांबवा." थांबवली. ही उतरली, हेल्मेट माझ्या हातात दिलं आणि समोरच्या बसमध्ये जाऊन बसली.

तेव्हापासून तीन वर्षं आमचा प्रवास कसा, तर ती बसमध्ये मागच्या खिडकीशी, आणि मी बसच्या मागे, धूर खात. सुरुवातीला ती काचेतून हात करायची. मग पुस्तक वाचायला लागली. मग झोपायला लागली. मी मागून वेड्यासारखा हॉर्न वाजवतोय, हिची मान काचेला टेकलेली! एकदा तर तो कंडक्टर तिच्याकडे गेला, "ताई, तो मोटरसायकलवाला केव्हापासून मागे लागलाय. तुम्ही ओळखता का त्याला?" तर ही काय म्हणाली असेल? सांगा ना, काय म्हणाली असेल?

"पूर्वी ओळखायचे."

आता बोला! पंचवीस वर्षांचा संसार! आणि वर हे तिनं मला स्वतः येऊन सांगितलं, हसत हसत, पण त्या हसण्यात... जाऊ दे. मला ते लागलं. खरंच लागलं.

तर पंपावरून मला टेंपोत घालून घरी आणलं. हाडांच्या डॉक्टरनं पाठ दाबून बघितली, मी किंचाळलो, तो म्हणाला, "ताठ बसता येईल अशी गाडी घ्या, नाहीतर गाडीचा नाद सोडा." आणि बायको पलंगाच्या पायथ्याशी उभी राहून म्हणाली, "अहो, एकतर दोघांना बसता येईल असं काहीतरी आणा, नाहीतर बसचे पास काढा. दोन."

मग काय, निघालो गाडी बघायला! आणि पहिलीच चूक केली. मेहुण्याला बरोबर घेतलं. बायकोचा धाकटा भाऊ. जगातल्या एकूण एक मोटरसायकलींची माहिती याला तोंडपाठ, कुठला सीसी, किती टॉर्क, कुणाची चेन लवकर ढिली पडते... आणि स्वतःकडे काय? स्कूटर! तीसुद्धा त्याच्या बायकोची!

शोरूममध्ये एक टायवाला पुढे आला. खालच्या दातांवर हे एवढं किटण. मला म्हणतो, "सर, तुमची रायडिंग स्टाइल काय?" स्टाइल? बसतो! रस्त्यानं जातो! खड्डा आला की ज्यानं रस्ता केला त्याच्या घरच्यांची आठवण काढतो! मी म्हटलं, हे बघ बाबा, मला डोंगर चढायचा नाही, नदी ओलांडायची नाही, कुणाशी शर्यत लावायची नाही. डांबरी रस्ता. जरा वेग पाहिजे, वळणावर मजा आली पाहिजे, पण ताठ बसून. आणि मागे एक बाई, सुखानं. एवढंच! यात न समजण्यासारखं काय आहे?

"समजलं सर," म्हणाला, आणि घेऊन गेला एका उंटापाशी!

उंटच तो! सीट माझ्या छातीशी. चाकं अशी, की चिखलात रुतलेला ट्रक ओढून काढावा. मेहुणा तर हरखलाच, "भावोजी, हीच घ्या! हिच्यावर माणूस वाळवंट पार करतो!" अरे पण वाळवंटात माझं कोण आहे? मला तुझ्या समुद्राकाठच्या बहिणीकडे जायचंय! वर चढलो, चढलो म्हणजे अक्षरशः चढलो, आणि खाली बघतो तर पाय जमिनीला टेकत नाहीत. बुटाचं टोक तेवढं कसंबसं फरशीला लागतंय. मी म्हटलं, "पाय पोचत नाहीत." आणि दोघं एका सुरात, टायवाला आणि मेहुणा, जणू तालीम करून आलेत...

"सवय होईल!"

बरं, म्हटलं, होईल. निघालो. मेहुणा मागे. चालत होती तोवर छान चालली, खोटं कशाला बोलू! पण रस्त्यात सिग्नल असतात हो! सिग्नल लागला, मी ब्रेक मारला, डावा पाय खाली सोडला... रस्ता नाही! आणखी सोडला... अजून रस्ता नाही! आणि मग ती गाडी डावीकडे झुकायला लागली. धाडकन नाही हं. सावकाश. सगळ्यांना नीट बघता यावं अशा बेतानं! चारी बाजूंनी लोक बघतायत, रिक्षातली बाई "अगं बाई" म्हणतेय, आणि आम्ही दोघं मावळतोय!

ट्रॅफिक पोलीस आला, वाकून बघितलं, म्हणाला, "झालं का?" झालं का! आणि माझ्या बुडाखालून मेहुण्याचा आवाज, "भावोजी... हळूहळू... सव..." मी म्हटलं, पुढचं अक्षर काढलंस तर तुझी अक्कलदाढ इथेच सिग्नलला काढीन! नाहीतरी तुला तिचा उपयोग नाही!

दुसऱ्या दुकानात मी एकटाच गेलो. तिथे एक बाई होत्या, फार गोड बोलायच्या, आणि मला गोड या गोष्टीचा धंद्यापायीच संशय येतो. त्या म्हणाल्या, "आराम पाहिजे ना सर? मग ही बघा." बसलो. पाय कुठे, तर लांब पुढे. हात वर. बूड खाली. पाठ मागे कललेली, डोकं वर... आणि माझं तोंड आपोआप उघडलं! माझ्या लक्षात आलं, अरे, ही तर माझी खुर्ची! अशाच खुर्चीत मी रोज लोकांना आडवं करतो आणि रडवतो! मी कशाला हिच्यावर बसू? आणि खड्डा आला की दणका कुठे? पायांवर भार घ्यावा म्हटलं तर पाय पुढच्या गल्लीत. सगळा दणका सरळ माकडहाडावर! मी विचारलं, "ही वळते का?" तर म्हणाल्या, "वळते ना सर. फक्त जरा आधीपासून ठरवावं लागतं. मग काय, सव..."

मी उठलो आणि दाराबाहेर गेलो.

त्यानंतर मी पुन्हा त्या टायवाल्याकडे का गेलो? माझी पातळ कानटोपी तिथे राहिली होती, हेल्मेटच्या आत घालतो ती. बायकोनं दिलेली, नाहीतर पाऊल टाकलं नसतं! ती शोधायला आत शिरलो, तर ती कोपऱ्यात एका गाडीच्या हँडलला टांगून ठेवलेली. गाडीच्या सीटवर काय होतं? पत्रकांचे गठ्ठे, रंगाचे डबे आणि कुणाचा तरी जेवणाचा डबा. मी विचारलं, "ही काय टेबल म्हणून ठेवलीय?" टायवाला म्हणाला, "ती होय? ती स्पोर्ट्स टूरर आहे सर. धड शर्यतीची नाही, धड डोंगरातली नाही. तरणी पोरं बघत पण नाहीत. काका लोक घेतात."

काका लोक! माझ्या कानशिलांकडे बघ की मूर्खा! सगळं पांढरं झालंय! तासभर माझ्यासमोर उभा राहून मला उंटावर चढवतोस, आणि काकांची गाडी कोपऱ्यात तुझ्या डब्याखाली!

डबा उचलला. बसलो.

...

आता काय सांगू तुम्हाला? दोन्ही पाय टेकले. पूर्ण, टाचांसकट. हात पुढे केले तर हँडल जिथे पाहिजे तिथे, नर्सनं न मागता हातात हत्यार द्यावं तसं. गुडघे टाकीला लागून, पाय बरोबर खाली, आणि पाठ... मला पाठ आहे हेच मी विसरलो! मला इतका राग आला! मी दोष शोधायला लागलो. सीट दाबली, सपाट, रुंद. मागची? तीही तशीच. पुढे मोठी काच, वारा छातीवर येणार नाही अशी. आरसे तपासले, त्यांत माझी कोपरं दिसायच्या ऐवजी चक्क मागचं दिसतंय! शेवटी एक दोष सापडला. रंग. चहात बुडवून विसरलेल्या बिस्किटाचा रंग. मी म्हटलं, "दुसरा रंग?" टायवाल्यानं तोंड उघडलं. मी म्हटलं, "बोलू नकोस. होईल. रंगाची होईल."

पण खरी परीक्षा बायकोची. ती ऑफिसातून थेट आली. गाडीभोवती फिरली, मागची सीट अंगठ्यानं दाबली, फूटरेस्टवर उभी राहून बघितलं, आणि टायवाल्याला विचारलं, "मागे धरायला काय आहे?" तो सुरू झाला, "मॅडम, धरायचं म्हणजे, हळूहळू सव..." हिनं त्याच्याकडे नुसतं बघितलं. तुम्ही ते बघणं बघितलेलं नाही. त्यापुढे मोठमोठे ठेकेदार खोदलेले रस्ते बुजवून देतात! तो म्हणाला, "दोन्ही बाजूंना दांडे आहेत, मॅडम." बघा! येतं की नीट बोलता!

निघालो. ती मागे. मी आरशात बघतोय, हेल्मेटच्या काचेआड काही दिसत नाही. वळण आलं, गाडी झुकली, तीही माझ्याबरोबर झुकली, लोंबकळली नाही, घसरली नाही. पुढे सिग्नल लाल. आणि सिग्नलच्या शेजारी काय असावं? बसथांबा! आणि थांब्यावर बस उभी, दार उघडं! आता खांद्यावर टकटक होणार. आता ही उतरणार, हेल्मेट हातात देणार... आणि झालीच टकटक!

"अहो, कसली वाट बघताय? हिरवा झालाय."

अहो, मी असा सोडला क्लच! शोरूमपाशी परत आलो तर फाटकात टायवाला हात हलवत उभा. ही मागून म्हणते, "अजून एक चक्कर मारा." मग आणखी एक. मग पूल. मग पुलापलीकडचा मोठा रस्ता. परत फाटकावरून गेलो तेव्हा टायवाला मागे धावत ओरडतोय, "सर! टेस्ट राइड संपली! दुकान बंद करायचंय!" मी मान वळवून पूर्ण आवाजात ओरडलो, "सवय होईल!"

घेतली. बिस्किटी रंगाची. गेलो मेहुणीकडे, सहा तास, दोघं एका गाडीवर. वाटेत एक बस लागली, आम्ही तिला मागे टाकलं. बायकोनं त्या बसला हात केला. उतरल्यावर ती काय म्हणाली? "चला, समुद्रावर जरा चालून येऊ." आणि मी चाललो! सरळ! दोन पायांवर, माणसासारखा!

मला वाटलं, संपलं. सुखी झालो.

छे हो! आता रविवार उजाडतो, मी डोळे उघडतो, तर पलंगाशेजारी ही हेल्मेट घालून उभी! "चला." कुठे? तर पाण्याची टाकी बघायला! तिच्या खात्याची, शेजारच्या गावातली, त्याच्याही शेजारच्या गावातली! उंच टाकी, बुटकी टाकी, गोल टाकी, गळकी टाकी! या जगात इतक्या टाक्या आहेत याची तुम्हाला कल्पना आहे? मला आहे! "पाठ दुखतेय" म्हणून बघितलं, तर हिनं हाडांच्या डॉक्टरला फोन लावला. तो नालायक म्हणतो, "छे, पाठ उत्तम आहे, भरपूर फिरवा." थकलो म्हणावं, तर त्या गाडीवर कुणी थकतच नाही! नाही म्हणायला एक कारण ठेवलं नाही हो तिनं. एक दुखणं ठेवलं नाही!

म्हणून दवाखान्याला नवी पाटी लावलीय. रविवारी सकाळी आठ ते रात्री आठ, चालू. तर कृपा करून, तुमच्यात कुणाची दाढ दुखत असेल तर रविवारी या.

दुखत नसली तरी या.