सांदवाडीले फॉरेस्टचा रंग

हॅलो?... हो, आशे, बोल. जरा मोठ्यानं बोल, फोन ओट्यावर ठेवला आहे. माये दोन्ही हात भरले आहेत...

नाई वं, लागलं नाई काई. रंग आहे. ऑइल पेंट... घरामागच्या सांदवाडीची लोखंडी जाळी नाई का, जंग खाऊन लाल झाली होती? तीच रंगवून राह्यली.

तूच म्हणली होती ना, पोराची माय लय टापटीपवाली आहे म्हणून? समोरच्या खोलीत उकडते, तं पाहुण्यायले चहा मागं झाडाखाली द्या, असंबी तूच म्हणली. मंग? तसंच केलं. आता रविवारी दिव्यानीले पाहाले या म्हणा आरमोरीवाल्यायले, बसा म्हणा बगिच्यात.

हो, हो... सांगजो ना. आधी मायं ऐक. तुले ओळखू येनार नाई सांदवाडी. छपराच्या फुटक्या कवेलूचा ढीग उचलला, उकिरडा बुजवला, फरशा टाकल्या. समोरच्या सईदाभाभीनं मोगऱ्याची रोपं देल्ली. आन् दिव्यानीच्या बाबानं सागाच्या फळीचा झुला केला, आपल्या हातानं. मले लग्नापासून एक पाट नाई करून देल्ला. फर्निचरवाल्याची बायको मी, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसतो.

काय सांगाचं आहे तुले?... अवं हो, पन रंगाची मजाक तं ऐक.

मी साड्या पाहाले चिमूरले गेली होती. दिव्यानीच्या बाबाले सांगून गेली, रंगवाल्या सुकलूभाऊले म्हणा फिक्कट क्रीम रंग मारा. यायनं काय सांगतलं त्याले? "टिकाऊ मार." झालं. सुकलूभाऊनं जिंदगीभर फॉरेस्टचे नाके आन् रेस्ट हाऊस रंगवले. त्याच्या हातातून टिकाऊ म्हणून काय निंगन? पूर्ण जाळी हिरवीगार, वरती टोकं पिवळी. फाटकबी तसंच.

हो, डिट्टो फॉरेस्टचं हाफिस. मी संध्याकाळी यष्टीतून उतरली आन् आपल्याच फाटकापुढून निंगून गेली.

काऊन, हासली नाई?... तब्येत बरी आहे ना तुयी?

पुढं तं ऐक. आपलं मागचं फाटक डांबरी रोडावरच उघडते ना. काल सकाळी पाहतो तं तिथी चार मानसं उभे. एक म्हातारबा म्हणे, बाई, सायब कवा येते? डुकरानं धान खाल्लं, पंचनामा करा. मी म्हणलं, बाबा, हे घर आहे. तो म्हणे, सगळे असंच म्हणते.

काय करते, चहा देल्ला. त्या बिचाऱ्याचं धान तं खरंच खाल्लं होतं. हे तं त्याच्यासंग पंचनाम्याले जाले निंगाले होते, चप्पल घालून. मी अडवलं.

मंग एक नागपूरची गाडी थांबली. सफारीचं तिकीट कुठी भेटते म्हणे. वाघ पाहाचा होता त्यायले. मी म्हणलं वाघ नाई, वाघीण आहे, सकाळपासून चिडली आहे, सरका.

म्हणून तं आता वरून क्रीम मारून राह्यलो. एका बाजूनं सुकलूभाऊ, एका बाजूनं मी. रविवारपर्यंत वाळाले पाह्यजे. बोल आता. झालं मायं.

...काय?

कोन येत नाई?... प्रणितच्या घरचे? काऊन?... कोनाची तब्येत?... त्याच्या बापाची. काय झालं त्याले?... बीपी.

आशे, तू खोटं बोलून राह्यली. लहानपनापासून खोटं बोलताना तुले खोकला येते. सोयरीक तू आनली, मधात तू आहे, तं खरं सांग.

नाई रागवत... अवं नाई रागवत म्हणलं ना.

हं... हं... त्याचा बाप काल इकडून गेला? आपल्या फाटकापुढून? मंग आत काऊन नाई आला?... काय पाह्यलं त्यानं?

धाड? फॉरेस्टची? आपल्या घरी?

कोनाले पकडलं म्हणे?... दिव्यानीच्या बाबाले?... चोरट्या सागवानात?

थांब. थांब जराशी. एक एक सांग. त्या मानसानं काय काय पाह्यलं?... जाळीले फॉरेस्टचा रंग. म्हणजे घर जप्त. बरं... फाटकापाशी गर्दी. हो, ते डुकराचे लोकं... आन् खाकी कपड्यातला सायब टेप लावून सागवान मोजून राह्यला होता?

अवं माय, तो लटारू आहे. बाजूचा, यष्टीचा कंडक्टर. त्याले दिवान बनवाचा आहे, ड्युटीवरून सीधा लाकूड पसंत कराले आला.

आन् हे?... हो, डोक्याले हात लावून खाली बसले होते. खरं आहे. मी बोलून राह्यली होती ना त्यायले, रंगावरून... बाई रडून आकांत करून राह्यली होती? कोन बाई?... आकांत नाई तो, आशे. ते मायं रोजचं बोलनं आहे.

आता नोको हासू. मघा हासाचं होतं तं हासली नाई.

थांब, ब्रश खाली ठेवू दे मले.

मले लय वाईट वाटून राह्यलं, आशे... रंगाचं नाई वं. या मानसाची जिंदगी रंध्यावर गेली. सरकारी लिलावाच्या लाकडाशिवाय दुसऱ्याले हात नाई लावला त्यायनं. आन् तो सोयरा होनारा मानूस फाटकापर्यंत आला, पाह्यलं, आन् गाडी वळवली. एक आवाज द्याचा होता. गुणवंतराव, काय झालं, एवढंच विचाराचं होतं. पोट्टी द्याची आहे मले त्या घरी. उद्या तिच्यावर काई आलं तं असेच गाडी वळवतीन का हे लोकं?

तिले? तिले काई माहीत नाई. झुल्यावर बसली आहे. तुया पुतन्याच्या लग्नात प्रणितले पाह्यलं तवापासून मनात बसला आहे तिच्या. तोंडानं बोलत नाई, पन सकाळपासून दोन साड्या नेसून दाखवल्या मले.

नाई. तू नोको समजावू त्यायले... अवं समजते मले, स्थळ चांगलं आहे. पन तू सांगशीन का रंग होता जी, मंग ते हासतीन, येतीन, पोहे खातीन. मायाच घशाखाली नाई उतरनार ते पोहे. राहू दे. नसन नशिबात तं नसन.

आनखी काय राह्यलं?... प्रणित? तो काय म्हणे?

...पुन्हा सांग.

बापाच्या तोंडावर म्हणलं असं?... सांग ना, त्याच्याच शब्दात सांग... "सागवान चोरलं असन तं बापानं चोरलं असन, पोरीनं नाई. मी रविवारी जातो. तुमी नाई आले तं यष्टीनं एकटा जातो."

...

नाई, रडत नाई. थिनर आहे ना इथी, डोळे झोंबते.

आशे, ऐक. आता मी सांगतो तसं कर. तू कोनाले काईच सांगू नोको... रंगाचंबी नाई, लटारूचंबी नाई. बापाले नाई आन् पोरालेबी नाई... मजाक नाई करून राह्यली मी. येऊ दे ना त्याले तसाच. घर जप्त आहे, सासऱ्याच्या हातात बेडी आहे, असं मनात धरून तो यष्टीतून उतरते का नाई, फाटक उघडते का नाई, हे मले माया डोळ्यानं पाहू दे. पोट्टीलेबी पाहू दे. तेवढं एकदा दिसलं का मंग मी रिकामी.

आला तं चहा देईन आन् सगळं सांगीन... नाई आला तं मोगरा आहे, झुला आहे, मायी पोट्टी आहे. तिचं काई अडत नाई.

त्याचा बाप? त्याची बीपी राहू दे रविवारपर्यंत.

थांब एक मिनिट, आशे... ओ सुकलूभाऊ. सुकलूभाऊ, ब्रश खाली ठेवा... हो, आत्ताच ठेवा. तो क्रीमचा डब्बा बंद करा... काऊन म्हणजे? बंद करा म्हणलं ना. हिरवा शिल्लक आहे का?... आन् पिवळा?

नाई, तुमचं काई नाई चुकलं, भाऊ. उलट मीच घाई केली. तुमी तिकडून हिरवा मारत या, मी इकडून येतो.

हॅलो... हो, आशे. ठेवतो आता. दोन दिवसात वाळाले पाह्यजे.