विरजणाची घागर

मथुराबाई : असं बाटली उन्हात धरून किती पाहशीन, जफरभाऊ? पाह्यल्यानं मरतीन का ते किडे?

जफर : मावशी, काल दुपारी ह्या विहिरीत सरकारी दवा टाकली ना मी? तुमच्यासमोर टाकली ना?

मथुराबाई : टाकली. ह्याच पायरीवर उभी होती मी. साऱ्या विहिरीले वास सुटला होता.

जफर : मंग हे पाहा. हे बारीक पांढरे दाणे. उड्या मारून राह्यले का नाही?

मथुराबाई : माये डोळे कुठं राह्यले आता? तूच सांग.

जफर : मारून राह्यले. सारे जिते आहेत. पयल्या साली हीच दवा टाकली होती, तं दुसऱ्या दिवशी बाटलीत एक हलत नव्हता. अल्ला कसम, मी इथंच नाचलो होतो.

मथुराबाई : नाचलाच होता. अन् साऱ्या बौद्धपुऱ्यात सांगत फिरला, का प्या बिनधास्त, नारू गेला. आमचे हे गुडघ्यातल्या नारूनं आखडून खाटेवर पडले ते पडलेच, पण त्या दिवशी ते बी हासले होते.

जफर : किडा मेला का नारू गेलाच समजा, मावशी. ह्याच किड्याच्या पोटात...

मथुराबाई : ...नारूचं बी असते, पाण्यासंग ते आपल्या पोटात जाते, अन् वर्षानं पायातून दोरा होऊन निघते. पाठ आहे बापा मले तुयं भाषण. पोपटाले बी आलं असतं आतालोक.

जफर : यंदा पुऱ्यात कोणाले निघाला का?

मथुराबाई : चहा मांडू का तुले?

जफर : मावशी, कोणाले निघाला?

मथुराबाई : गूळ बी आहे आज घरात.

जफर : मावशी!

मथुराबाई : ओरडू नको. इंदूले निघाला. माया सुनेले.

जफर : या अल्ला! तिले तं आठवा लागला ना?

मथुराबाई : आठवाच लागला. घोट्यावर फोड आला अन् फुटला. आत पांढरा दोरा दिसते. रोज काडीले गुंडाळतो जरा जरा. ओढला अन् तुटला तं पाय सडते, म्हणून भेव वाटते. पोरगी ओठ चावून बसते, पण तोंडातून एक शब्द काढत नाही. तिनं शिव्या देल्ल्या असत्या तं बरं वाटलं असतं मले.

जफर : ती तं पुसदकडची. तिच्या गावात नारू कोणी पाह्यला बी नाही.

मथुराबाई : म्हणूनच तं तिचा बाप नागोराव पोरगी देत नव्हता. म्हणे, नारूच्या गावात देण्यापेक्षा इथंच तिचा पाय मोडतो. मंग कोण गेलतं त्याच्या घरी? कोणी भाकर खाल्ली त्याच्या ओट्यावर बसून?

जफर : मी गेलतो. म्हटलं, विहीर साफ आहे, माया जबानीवर पोरगी द्या.

मथुराबाई : देल्ली त्यानं. उद्या येऊन राह्यला तो. बाळंतपणाले न्याले.

जफर : पाणी गाळून नव्हती पेत का ती?

मथुराबाई : घरी दुपदरी फडक्यानं गाळते, मी सांगायच्या अगोदर गाळते. पण कापूस वेचणीले गेल्यावर? दुपारच्या उन्हात घसा सुकला का सारेच पायरीवर बसतात अन् ओंजळीनं पेतात. तिथं कोण फडकं काढते? पाटलाच्या विहिरीले पायऱ्या नाहीत, कोणाचा पाय पाण्यात जात नाही, म्हणून तिकडं नारू नाही. अन् आमी दीक्षा घेतल्यापासून तं त्या विहिरीकडं पाह्यलेलं बी चालत नाही त्यायले.

जफर : मले एकच समजत नाही. मागच्या साली सायब म्हणे डबल टाक, तं डबल टाकली.

मथुराबाई : अन् लेकरायले ओकाऱ्या झाल्या.

जफर : म्हणून यंदा वाढवली नाही. पण दवा टाकल्यावर तुमी विहीर पुरी उपसता ना? गाळ काढता. थोडेबहुत वाचले असतीन ते बी बाहेर जातात. झऱ्याचं पाणी नवंकोरं येते. मंग हे इतके आले कुठून?

मथुराबाई : ते तू पाहात बस. उपसाले माणसं येतीन आता, मी पयले माई घागर भरून घेतो.

जफर : कोणती घागर?

मथुराबाई : विरजणाची. दर साली नाही का भरत? उपसाच्या अगोदर जुनं पाणी एक घागर काढून ठेवाचं, अन् नवं पाणी आलं का त्यात सोडाचं. पयले आमी ती पाण्यातल्या देवीच्या, आसरायच्या नावानं सोडत होतो. दीक्षा घेतली, देव सोडले, आसरा बी सोडल्या. धर्मपाल म्हणे, आई, घागर बी सोड. म्हटलं, ह्याच्यात देव नाही रे बाबू. दुधाले विरजण लावतो तसं हे पाण्याले. नाहीतं नवं पाणी नासते, असं माई सासू म्हणे.

जफर : अन् भरता कधी?

मथुराबाई : दवा टाकल्यावर. तूच तं शिकवलं! मी अगोदर भरत होती. तू म्हणाला, मावशी, दवा टाकल्यावर भरा, म्हंजे घागरीतले किडे मेलेले राहतीन.

जफर : म्हणालो होतो.

मथुराबाई : मंग असा काय बसला? उठ, तेवढी उचलू लाग मले.

जफर : मावशी, घागर खाली ठेवा. बियाण्याची जवारी कशी निवडता तुमी?

मथुराबाई : आता हे काय मधातच? टप्पोरं कणीस पाहाचं. कीड लागली त्यात बी जे चांगलं राह्यलं, तेच बियाण्याले ठेवाचं.

जफर : आपुन तेच केलं. दवेनं कच्चे मारले. जे दवा पचवून बसले, तेवढेच तुमच्या घागरीत आले. बाकीची विहीर उपसून फेकली, अन् हे नव्या पाण्यात सोडले. पुढच्या साली त्यायचीच पैदास, पुन्हा दवा, पुन्हा त्यातले पक्के घागरीत. आता साऱ्या विहिरीत त्यायचंच खानदान आहे. दवा म्हंजे त्यायले पाणीच.

मथुराबाई : थांब. म्हंजे मी माया हातानं...?

जफर : हात तुमचे, अक्कल माई.

मथुराबाई : अवो माय! देव सोडले न् हे धरून बसली मी! लेकानं सांगितलं तं त्यालेच गप केलं.

जफर : तुमाले काय ठाऊक मावशी? मले बी आता समजून राह्यलं.

मथुराबाई : फोडतो ही घागर. यंदा नाही सोडत.

जफर : फोडा. पण आता कपारीत ओंजळभर पाणी राह्यलं तरी बस आहे. पयले हजारात एखादा पक्का होता. आता सारेच पक्के.

मथुराबाई : दुसरी दवा आण मंग!

जफर : दुसरी नाही मायाजवळ. सायब म्हणते, हेच टाकत राहा.

मथुराबाई : पायऱ्या बुजवा.

जफर : ते बी सांगून झालं. होईन म्हणतात.

मथुराबाई : सारं होईनच आहे तुमचं! इतक्या मोठ्या सरकारजवळ ह्या मुंगीएवढ्या किड्याले काही नाही? मंग तू येतं कायले इथं? डब्बा घेऊन मिरवाले?

जफर : बोला मावशी. बोलून घ्या.

(इंदूबाई भिंतीले धरत, एक पाय उचलून, विहिरीच्या वाटेवर येते. घोट्याले चिंधी आहे, चिंधीतून काडी दिसते. बसाले कोणी सांगत नाही, तरी ती लांबच दगडावर बसते.)

मथुराबाई : तू कायले आली वो इकडं? तुले विहिरीकडं येऊ नको म्हटलं ना!

इंदूबाई : पाण्याजवळ नाही येत, आत्याबाई. इथंच बसतो. जफरमामा, लेकराले लागते का नारू? पोटातल्या?

जफर : नाही बेटी. लेकराले नाही लागत. हे पक्कं सांगतो... नाही, माया सांगण्यावर नको जाऊ. पण सारे डॉक्टर तसंच म्हणतात.

इंदूबाई : अन् माया पायातून दुसऱ्या पाण्यात जाते म्हणतात, ते?

जफर : ते खरं आहे. फोड फुटलेला पाय पाण्यात बुडाला का नारू आपलं बी सोडते तिथं. म्हणून तिकडं गेल्यावर तेवढं सांभाळजो. पाय पाण्यात घालू नको.

इंदूबाई : मामा, तुमाले नारू निघाला का कधी?

जफर : नाही.

इंदूबाई : मंग तुमाले नाही समजत. पायात इस्तू ठेवल्यासारखी आग होते. तवा माणूस इचार नाही करत, पाण्याकडं पळते. काल मी अर्ध्या वाटेवर आलती इथं. आत्याबाईनं दंड धरून वापस नेलं म्हणून. माया माहेरी घरामागंच झिरा आहे. साऱ्या वस्तीचं पेयाचं पाणी आहे ते. तिथं माई माय मले किती धरीन? ती तं म्हणीन, पोरीचा पाय जळून राह्यला, घाल बाई जरासा गारव्याले.

मथुराबाई : काय बोलून राह्यली तू? पयलं बाळंतपण आहे. माय वाट पाहत असीन.

इंदूबाई : पाहत असीन. लाडू बी बांधले असतीन तिनं.

मथुराबाई : मंग?

इंदूबाई : मंग काय आत्याबाई? तिथं नारू नाही. मी कायले नेऊ?

मथुराबाई : इथं राहून काय करशीन? हेच पाणी पेशीन ना पुन्हा?

इंदूबाई : इथं तं सारेच पेतात.

जफर : बेटी, मी नागोरावच्या पाया पडतो. म्हणतो, चूक माई आहे, पोरीची नाही, ह्या घराची बी नाही.

इंदूबाई : पाया कायले पडता, मामा? तुमी खोटं नव्हते बोलले. त्या दिवशी विहीर साफच होती.

जफर : मंग मी काय करू, ते तरी सांग.

इंदूबाई : बाबा बैलगाडी जुंपून येतीन, गादी टाकून. मले पाहतीन अन् उचलूनच ठेवतीन गाडीत. माया तोंडून त्यायले नाही म्हणणं होणार नाही, मी रडीन अन् बसीन गाडीत. तुमच्या शब्दावर त्यायनं मले इथं देल्लं होतं. मले पाहाच्या अगोदर तुमीच सांगा त्यायले, का इथंच राहू द्या म्हणून.

जफर : माया शब्द ऐकतीन ते आता?

इंदूबाई : ऐकतीन. मले नारू निघाला, हे त्यायले अजून माहीत नाही ना.