डावा कान

कानाच्या दवाखान्यात माझ्यासमोरच्या बाकावर दोन म्हातारे बसले होते. एकेकाळी त्यांचा बँड होता. एक गायचा, दुसरा ड्रम वाजवायचा. ड्रमवाला एवढ्या मोठ्याने बोलत होता, की सगळ्या खोलीला ऐकू जात होतं.

"तीन अल्बम केले आपण. पहिला कुणी ऐकला नाही, दुसरा घरोघरी वाजला, तिसऱ्याला फुटलो."

"फुटलो नाही. तू सोडून गेलास."

"मग काय करू? दर कार्यक्रमात मागून ओरडायचो, गाणं पळवतोयस, जरा हळू घे. तू ढुंकून बघायचा नाहीस."

"तू बसायचास कुठे?"

"तुझ्या मागे, डावीकडे. कायम."

"तो कान दुसऱ्या अल्बमनंतरच गेला माझा."

"काय सांगतोस! मग बोलला का नाहीस?"

"नुकतं कुठे नाव झालं होतं. बहिऱ्या गायकाला कोण बोलावणार?"

"अरे, पण मला तरी सांगायचंस!"

"तू तर माझ्याशी बोलणंच टाकलं होतंस."

ड्रमवाला काठी टेकत उठला, वळसा घालून गायकाच्या उजव्या बाजूला येऊन बसला.

"आता ऐक. तिसऱ्या अल्बममधलं शेवटचं गाणं तू फार पळवलंस."

"पळवलं खरं."